माळ्यावरची टाच

मृगाच्या सरी कोसळण्याआधी माळ्यावरची खोली राहण्याजोगी झाली, याचा त्या वर्षी आम्हाला फार अभिमान वाटला होता. फोंडा तालुक्यातील आमचे हे घर माझ्या आजेसासऱ्यांनी बांधलेले आहे. चिऱ्याच्या दीड फुटी भिंती, वर मंगळुरी कौले, मध्ये लहानसे राजांगण (घराच्या आतले उघडे अंगण) आणि राजांगणाच्या उत्तरेकडच्या खोलीवर लाकडी माळा, अशी त्याची ठेवण आहे. माळ्यावर पूर्वी नारळांचा ढीग, पेरणीचे भात, चवथीला गणपतीवर टांगायची फळाफुलांची माटोळी बांधायची चौकट आणि कोणी टाकूनही देत नाही व वापरतही नाही अशी तांब्यापितळेची भांडी असत. मुलगा अकरावीत गेला तेव्हा त्याला अभ्यासाला स्वतंत्र खोली हवी झाली. मग आम्ही माळा रिकामा केला, कौलांखाली लाकडी अस्तर मारले, त्रिकोणी भिंतीत एक खिडकी काढली आणि शिडीच्या जागी नीट जिना बसवला. त्या माळ्याच्या खालच्या खोलीत माझ्या सासूबाई झोपतात. त्यांचे वय आता एकोणऐंशी आहे आणि कान माझ्यापेक्षा तिखट आहेत.

पावसाळाभर कोणाची काही तक्रार नव्हती, आणि त्यातच सगळी गोम होती. गोव्यात वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक सगळा या चार महिन्यांत कोसळतो. कौलांवरचा तो अखंड नाद, पागोळ्यांचे पाणी आणि राजांगणात भरणारी घागर यांत बाकीचे सारे आवाज बुडून जातात. एका आवाजाने दुसरा आवाज झाकला जाणे ही शास्त्रातली मान्य गोष्ट आहे, मी स्वतः शाळेत विज्ञान शिकवते, आणि तरीही ती माझ्या घरात घडते आहे हे मला ओळखता आले नाही. दसरा झाला, रात्री कोरड्या व शांत झाल्या, आणि एके सकाळी चहा घेता घेता सासूबाईंनी विचारले, "रात्रीचे वर कोण भात कांडते गो?"

कांडत कोणीच नव्हते. चिरंजीवांना रसायनशास्त्र येरझाऱ्या घालत पाठ करण्याची सवय आहे आणि आमच्या घरात सगळे अनवाणीच वावरतात. मुलगा अंगाने बारीक आहे, धावत नाही, उड्या मारत नाही. त्या रात्री मी सासूबाईंच्या पलंगावर आडवी झाले आणि खरोखरच मुसळ उखळीत पडावे तसा मंद, जड आणि ठरावीक अंतराने येणारा आवाज ऐकला. छतात मधल्या तुळईला एक लोखंडी कडी आहे. सासूबाईंच्या तिन्ही मुलांचा पाळणा या कडीला टांगलेला असे. मी स्टुलावर उभी राहिले आणि कडीला बोट लावले. वर टाच पडली की कडी बोटाला किंचित दाबत होती. आवाज कानाला लागण्याआधी हाताला लागतो, हे मी शिकवण्याच्या इतक्या वर्षांत प्रथमच इतके जवळून अनुभवले.

वरून येणारा आवाज दोन जातींचा असतो आणि दोघांवर औषध एकच नसते. मुलाचे पाठांतर, मोबाईलवरचे व्याख्यान, पंख्याची घरघर हे आवाज आधी हवेत निर्माण होतात, ती हवा जमिनीच्या फळ्यांना हलवते आणि फळ्या खालच्या खोलीतल्या हवेला हलवतात. टाच पडते तेव्हा मात्र मधला हा हवेचा दलाल लागत नाही. शरीराचे वजन थेट फळीवर आपटते, फळी तुळईला हादरा देते आणि तुळईची टोके चिऱ्यात बसवलेली असल्यामुळे हादरा भिंतीतही उतरतो. पहिल्याला हवेतून येणारा आवाज म्हणावे, दुसऱ्याला आघाताचा. आमच्या लाकडी माळ्याची अडचण अशी होती की तो दोन्ही बाबतींत दुबळा होता. ऐनाच्या तुळया (कोकणीत ज्याला माट्टी म्हणतात आणि जो गोव्याचा राज्यवृक्ष आहे, तोच हा ऐन) शंभर वर्षे टिकतील अशा भक्कम होत्या, परंतु त्यांच्यावरच्या फणसाच्या फळ्या जेमतेम एक इंच जाडीच्या होत्या. वजनाने एवढी हलकी जमीन म्हणजे ताणलेले चामडेच समजावे. चवथीच्या आरतीला घुमटावर, म्हणजे चामडे ताणलेल्या मातीच्या वाद्यावर, थाप पडते तेव्हा जे होते, तेच आमच्या छतात रोज रात्री होत होते.

आम्ही आधी सोपे उपाय केले. जाड सतरंजी घातली, तिच्याखाली फोमची चटई अंथरली, खुर्चीच्या पायांना नमद्याचे तुकडे चिकटवले. याचा उपयोग झाला नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. पडणाऱ्या पेनाची टकटक आणि खुर्ची सरकल्याची किरकिर जवळजवळ नाहीशी झाली. टाचेचा धप् मात्र जसाच्या तसा राहिला. मऊ आच्छादन आघाताचा टोकदार, उंच भाग खाऊन टाकते, पण टाच मुळातच मऊ असते. तिचा आघात आधीच लांबट आणि खालच्या पट्टीतला असल्यामुळे त्याची बहुतेक ऊर्जा काही दशक हर्ट्झमध्येच (सेकंदाला काही दशक कंपने) असते, आणि तिथे सतरंजीचे काही चालत नाही.

त्यानंतर आम्ही जी चूक केली ती पैशांनिशी केली. शहरातल्या एका ठेकेदाराने घर पाहिले आणि "साउंडप्रूफ फॉल्स सीलिंग करून देतो" असे सांगितले. सासूबाईंना तुळया दिसायला हव्या होत्या, म्हणून त्याने तुळयांच्या मधल्या गाळ्यांत, फळ्यांच्या खाली जेमतेम एक इंचावर, लाकडी पट्ट्यांवर जिप्सम बोर्डाचे तुकडे ठोकले आणि मधल्या एक इंचात थर्मोकोल दाबून भरला. दिसायला काम नेटके होते. त्याच रात्री सासूबाईंनी सांगितले की आता टाच तर ऐकू येतेच, शिवाय नातू कोणता धडा वाचतो आहे तेही पूर्वीपेक्षा घुमून ऐकू येते.

त्या म्हाताऱ्या बाईचा कान खरा होता, हे मी नंतर कागदावर पडताळून पाहिले. दोन वजनदार थर आणि त्यांच्यामध्ये कोंडलेली हवा ही रचना म्हणजे स्प्रिंगला लावलेली दोन वजने असतात. स्प्रिंग जितकी आखूड तितकी ताठर, आणि वजने जितकी हलकी तितकी त्यांची स्वतःची कंपनसंख्या वर सरकते. त्या कंपनसंख्येच्या बऱ्याच वर ही रचना उत्तम काम करते, तिच्या आसपास मात्र ती आवाज अडवण्याऐवजी त्याला वाट करून देते. आमच्या फळ्यांचे वजन चौरस मीटरला साधारण पंधरा किलो, साध्या साडेबारा मिलिमीटर बोर्डाचे सुमारे नऊ किलो आणि मध्ये अवघा एक इंच, एवढ्यावर हिशेब केला तर ती कंपनसंख्या १५० हर्ट्झच्या आसपास येते. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ स्वर नेमका याच टापूत असतो. थर्मोकोलने तर भर घातली, कारण त्यातल्या बंद पेशींमधून हवा आरपार जात नाही, त्यामुळे तो आवाज शोषत नाही, त्याला वजन नाही, आणि दाबून भरला की तो दोन्ही थरांना एकमेकांशी जखडून टाकतो. थर्मोकोल थंडावा राखण्यासाठी चांगला आहे, आवाजासाठी त्याचा काही उपयोग नाही, आणि लाकडी छतात पेटणारी वस्तू कोंबणे हा वेगळाच धोका आहे. (अंड्यांचे ट्रे भिंतीला लावण्याची सूचना आम्हाला निदान चार जणांनी केली. त्यांनी खोलीतल्या खोलीत घुमणे थोडेफार कमी होते. मजल्यातून जाणारा आवाज त्यांना ओळखतसुद्धा नाही.)

दुसऱ्यांदा मात्र मी घाई केली नाही. माझी एक माजी विद्यार्थिनी आता रचना-अभियंता आहे. तिला घरी बोलावले आणि गावच्या मेस्तांनाही (सुतारांना) बोलावले, ज्यांच्या वडिलांनी या माळ्याच्या फळ्या रंधल्या होत्या. आधी मोजायचे कसे, याचा विचार केला. मोबाईलवरची डेसिबल दाखवणारी अ‍ॅप मी वापरून पाहिली होती आणि तिने माझी दिशाभूल केली होती. अशी अ‍ॅप सहसा 'ए' भाराने मोजते, म्हणजे कानाच्या संवेदनशीलतेप्रमाणे खालच्या पट्टीतला आवाज वजा करून दाखवते, आणि ही वजावट ६३ हर्ट्झला सुमारे २६ डेसिबल असते. साहजिकच टाचेच्या आवाजाचा मुख्य भाग त्या आकड्यात उतरतच नाही. सतरंजी घालण्याआधी आणि घातल्यानंतर अ‍ॅपचा आकडा चांगला खाली आला होता, सासूबाईंची झोप मात्र तशीच मोडत होती.

प्रयोगशाळेत आघाताचा आवाज मोजायला एक ठोकणारे यंत्र असते. त्याच्या पाच हातोड्या प्रत्येकी ५०० ग्रॅमच्या असतात आणि चार सेंटिमीटरवरून, सेकंदाला एकूण दहा ठोके, अशा त्या जमिनीवर पडतात. बूट घालून वावरणाऱ्या घरांना ही चाचणी शोभून दिसते. जपान आणि कोरियात लोक आपल्याप्रमाणेच घरात पादत्राणे घालत नाहीत आणि तिथे मुलांच्या उड्यांची तक्रार मोठी असते, म्हणून तिथे अडीच किलोचा पोकळ रबरी चेंडू एक मीटरवरून टाकून मोजतात, आणि ही पद्धत आता आंतरराष्ट्रीय मानकातही आलेली आहे. हे वाचल्यावर मी अडीच किलो तांदूळ कापडी पिशवीत भरून पिशवीचे तोंड शिवले, आणि कामाच्या प्रत्येक टप्प्यावर ती पिशवी माळ्यावर ठरलेल्या पाच जागी एक मीटरवरून टाकायची व मी खाली पलंगावर पडून ऐकायचे, असा परिपाठ ठेवला. जोडीला एक लोखंडी पळीही टाकत असू. पिशवी म्हणजे टाच, पळी म्हणजे पडलेली वस्तू. शास्त्रीय आकडा यातून निघत नाही, पण कालच्यापेक्षा आज बरे की वाईट एवढे निश्चित कळते, आणि घरमालकाला तेवढेच हवे असते.

इंग्लंडमध्ये माळ्याची खोली करण्याची पद्धत सर्रास आहे, म्हणून तिथल्या बांधकाम-नियमांतला ध्वनीविषयक 'ई' भाग मी उघडून पाहिला. एका घरातून दुसऱ्या घरात जाणाऱ्या आघाताच्या आवाजाला तिथे वरची मर्यादा आहे, नव्या इमारतीत ६२ डेसिबल आणि जुन्या इमारतीत फेरफार करून केलेल्या घरांना ६४. मात्र एकाच घरातल्या वरच्या-खालच्या खोल्यांमधील जमिनीने हवेतला आवाज ४० डेसिबलने अडवला की नियमाचे समाधान होते, आघाताबद्दल तो काहीच मागत नाही. आपल्याकडे २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेत आठव्या भागाचा चौथा विभाग ध्वनीला वाहिलेला आहे. गावातल्या घराच्या माळ्यावर तो हातात घेऊन कोणी उभे राहणार नाही, हे उघड आहे. मुलगा आणि आजी एकाच रेशनकार्डावर असल्यामुळे आमचा प्रश्न कोणत्याही नियमाचा नव्हता, तो सोडवायचा आम्हालाच होता.

वजन वाढवणे हा सर्वांत जुना उपाय आहे. चौरस मीटरमागचे वजन दुप्पट केले की हवेतून येणारा आवाज सिद्धांताप्रमाणे सुमारे सहा डेसिबलने उतरतो, आणि कानाला आवाज निम्मा वाटायला साधारण दहा डेसिबल उतरावे लागतात. म्हणजे केवळ वजनाच्या जोरावर आवाज निम्मा करायचा तर वजन तिपटीहून अधिक हवे. ब्रिटनमधल्या जुन्या घरांत तुळयांच्या मध्ये राख किंवा वाळू भरलेली असे, ती याचसाठी. मलाही वाळूचा मोह झाला होता. अभियंता मुलीने वहीत दोन ओळींत हिशेब मांडला: पाच सेंटिमीटर कोरडी वाळू म्हणजे चौरस मीटरला ऐंशी किलो, बारा बाय अकरा फुटांच्या खोलीला जवळजवळ एक टन. "बाई, ही तुळई भात साठवायला ठेवलेली आहे, वाळू नव्हे," असे मेस्त म्हणाले आणि वाळूचा विषय संपला. शिवाय आमच्या हवेत ती वाळू कोरडी राहिली नसती आणि वाळवीने तिच्यात संसार थाटला असता.

म्हणून वजन बेताने वाढवायचे आणि मुख्य भर तोडण्यावर द्यायचा असे ठरले. वरचा थर आणि खालचा थर यांच्यात लाकडाला लाकूड किंवा लोखंडाला लाकूड टेकेल अशी जागा उरू द्यायची नाही. खालून स्वतंत्र छत करायचे, ते जुन्या तुळयांना टांगायचे नाही. वरून तरंगती जमीन करायची, ती तुळयांना स्क्रूने बांधायची नाही. मध्ये रॉकवूल, म्हणजे दगडाच्या तंतूंची लोकर, भरायचे. ऐकायला हे सरळ वाटते, पण प्रत्येक कारागिराचा हात त्याच्या विरुद्ध जातो, कारण सुतारकामाची सारी विद्या दोन वस्तू घट्ट जोडण्याची असते आणि इथे आपण त्याला त्या सैल सोडायला सांगत असतो.

काम फेब्रुवारीत सुरू केले. ठेकेदाराचे छत काढल्यावर पहिला धक्का बसला. पश्चिमेकडच्या एका तुळईचे भिंतीतले टोक कुजलेले होते. कौलांची एखादी गळती वर्षानुवर्षे चिऱ्यातून तिथवर उतरत असावी. त्या टोकाचा पंजाएवढा भाग स्क्रू-ड्रायव्हरने खरवडला तर ओल्या भुशासारखा हातात आला. मुलगा ज्या जागेवर येरझाऱ्या घालत होता त्याच्या खालीच हे चालले होते, तेव्हा आवाजाच्या निमित्ताने छत उघडले हे बरेच झाले. कुजका भाग कापून दोन्ही बाजूंनी नव्या लाकडाच्या जोडतुळया बोल्टने बसवल्या आणि वरची कौले फेरून घेतली. माळ्याला खोली करणाऱ्या प्रत्येकाने आवाजाचा विचार करण्याआधी तुळयांची टोके पाहावीत, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. राहत्या खोलीच्या जमिनीवर चौरस मीटरला साधारण दोनशे किलोंचा भार धरून हिशेब करतात, तो माळ्यासाठी म्हणून बांधलेल्या तुळया पेलतील असे गृहीत धरता येत नाही. आमची नवी जमीन एकटीच चारशे किलोंच्या वर भरली.

फळ्या मेस्तांनी स्वतः पाहिल्या. "फळी बोलते ती खिळ्यामुळे, बाई. खिळा जागेवर राहतो, फळी वरखाली होते," असे म्हणत त्यांनी एका फळीवर पाय दिला. फळी करकरली, आणि खिळ्याच्या माथ्याभोवती बारीक काळे वर्तुळ उमटलेले त्यांनी मला दाखवले. पावसाळ्यात फुगायचे आणि उन्हाळ्यात आकसायचे असे किती ऋतू ती फळी त्या खिळ्यावर घासत आली होती कोण जाणे. सगळे खिळे उपटून पितळी स्क्रू बसवले. करकर एवढ्यानेच थांबली. फळ्यांमधल्या फटी एप्रिलमध्ये सर्वांत रुंद असतात, तेव्हाच त्या लवचिक सीलंटने भरल्या, म्हणजे पावसात फळ्या फुगल्या तरी सीलंट दाबला जातो, फुटत नाही.

फटींच्या बाबतीत मी कंजूष सावकारासारखी वागले, आणि त्याला कारण आहे. छताच्या क्षेत्रफळाच्या एक टक्का उघडी जागा राहिली तर बाकीचे छत कितीही भारी असो, हवेतला आवाज वीस डेसिबलपेक्षा जास्त अडत नाही. आमच्या खोलीच्या चारही बाजूंनी दोन मिलिमीटरची फट राहिली असती तर ती क्षेत्रफळाच्या पाव टक्क्याहूनही कमी भरली असती, आणि तरीही ढोबळ हिशेबाने सव्वीस डेसिबलांवर गाडी अडली असती. छतात गोल भोके पाडून बसवायचे दिवे म्हणूनच आम्ही नाकारले. चिऱ्याची भिंत सच्छिद्र असते, तिला गिलावा नसेल तर छताच्या वरच्या पोकळीतून आवाज भिंतीच्या सांध्यांतून उतरू शकतो. त्यामुळे छताच्या वरचा जो भाग कोणाला कधी दिसणार नव्हता, त्यालाही चुन्याचा गिलावा करून घेतला. गवंड्याला ते पैसे वाया घालवणे वाटले.

खालच्या छताची युक्ती अशी की नव्या छताच्या आडव्या वाशांना जुन्या तुळयांच्या खाली न ठेवता त्यांच्या मधल्या गाळ्यांत ठेवायचे आणि त्यांची खालची कड तुळईच्या कडेपेक्षा दीड इंच खाली येऊ द्यायची. वासे भिंतीपासून भिंतीपर्यंत स्वतःच्या आधारावर टेकतात, तुळईला कुठेही शिवत नाहीत, आणि खोलीची उंची मात्र अगदी थोडी जाते. वाशांच्या वर ७५ मिलिमीटर जाडीचे रॉकवूल ठेवले, चांगल्या घनतेचे, पण दाबून न कोंबता. त्याच्या खाली जिप्सम बोर्डाचे दोन थर लावले, आमच्या दमट हवेसाठी हिरव्या रंगाचा ओल सोसणारा बोर्ड, आणि दुसऱ्या थराचे सांधे पहिल्याच्या सांध्यांवर येणार नाहीत असे. भिंतीलगत पाच मिलिमीटर जागा सोडून तीही सीलंटने भरली. रॉकवूल हाताळताना हातमोजे आणि नाकाला मास्क हवाच. माळ्याच्या कडेच्या पोकळ्यांना बारीक जाळी मारायला विसरू नये, नाहीतर उंदीर आणि त्यांच्यामागून उदमांजर त्या उबदार गादीत मुक्कामाला येते. मधली पोकळी आता वीस सेंटिमीटरच्या घरात गेली, दोन्ही थर भारी झाले, आणि कागदावर ती कंपनसंख्या चाळीस हर्ट्झच्या खाली उतरली. पाठांतर त्याच्या फार वर राहिले. टाच मात्र अजून त्या टापूच्या काठावरच आहे, हे मला काम करतानाही ठाऊक होते.

वरच्या बाजूला जुन्या फळ्यांवर दहा मिलिमीटर जाडीची रबरी चटई, तिच्यावर अठरा मिलिमीटरचा सिमेंट-लाकूडभुशाचा बोर्ड आणि सर्वांत वर पातळ व्हिनाइल, असे थर आले. बोर्ड एकमेकांना जोडलेले आहेत, पण खाली कशालाच नाहीत. चारही भिंतींशी दहा मिलिमीटरची जागा सोडून तिथे फोमची पट्टी उभी केली, आणि भिंतीलगतची लाकडी पट्टी भिंतीला ठोकली, जमिनीला टेकवली नाही.

काम पूर्ण झाल्यावर तांदळाची पिशवी टाकली. चार जागी छान मवाळ आवाज आला आणि पाचव्या जागी, खिडकीखालच्या कोपऱ्यात, तोच जुना धप् आला. तीनदा टाकली, तीनदा तेच. मेस्तांनी गुडघ्यांवर बसून व्हिनाइलची कड उचलली आणि बोर्डावर बोटे फिरवली. त्यांच्या हाताखालच्या पोराने बोर्ड हलतो म्हणून सवयीने एक स्क्रू मारून टाकला होता. अडीच इंचांचा तो एकच स्क्रू बोर्डातून, रबरातून, फळीतून थेट तुळईत गेलेला होता. तो काढला, भोक भरले, पिशवी पुन्हा टाकली, आणि तो कोपरा बाकीच्यांसारखा झाला.

कडीचा प्रश्न सर्वांत शेवटी सोडवला. नव्या छताने तुळया झाकल्या याचे सासूबाईंना वाईट वाटले, ते मी नाकारत नाही. कडी कापायला मात्र त्यांनी साफ नकार दिला. लोखंडी कडी तुळईतून निघून बोर्डातून खाली येणार म्हणजे आम्ही इतक्या कष्टाने तोडलेला दुवा पुन्हा जोडला जाणार. शेवटी बोर्डाला कडीच्या दांड्यापेक्षा सर्व बाजूंनी एक बोट मोठे भोक पाडले, मधल्या जागेत मऊ सीलंटचे कडे भरले आणि वर कापडाचे झाकण बसवले. कडी आता छताला न शिवता खाली लोंबते. मी अजूनही अधूनमधून स्टुलावर चढून तिला बोट लावते. टाच तिथे पूर्वीपेक्षा मंद पण अजून लागते, तुळईतला तो हादरा छतात मात्र उतरत नाही.

पाठांतर आता खाली अजिबात ऐकू येत नाही. पळी पडली तर बारीक टक् येतो. टाच गेली असे मी म्हणणार नाही. रात्री पंखा बंद असेल आणि मन लावून ऐकले तर शेजारच्या घरात कोणी उशी झटकावी तसे काहीतरी येते, आणि सासूबाई त्याला उठत नाहीत. हलक्या लाकडी जमिनीतून ती पूर्ण घालवायची तर काँक्रीटच ओतावे लागेल, ते या घराच्या प्रकृतीला मानवणारे नाही.

एक दुखणे शिल्लक आहे आणि ते माझ्याच नजरेतून सुटले. जिन्याची एक बाजू सासूबाईंच्या खोलीच्या भिंतीला चार खुंट्यांनी ठोकलेली आहे. छत शांत झाल्यावर आता तो जिना ऐकू येतो, विशेषतः वरून दुसरी पायरी. मेस्तांनी भिंतीत छिन्नी लावून पाहिली आहे. चवथ झाली की खुंट्या काढून जिना भिंतीपासून बोटभर दूर घ्यायचा, वर आणि खाली रबरी गाद्यांवर टेकवायचा, असे ठरले आहे. तोवर चिरंजीवांना रात्री दहानंतर ती पायरी गाळून चढण्याची ताकीद दिलेली आहे.